दोराचं दुसरं टोक

त्या सकाळी आम्ही दोघं एक दावं वळत होतो. कडा गावच्या एका माणसाची गाय व्यायला आली होती, त्याला नवं दावं हवं होतं. अंगणात धुकं होतं. आमच्याकडं धुकं वर्षातून थोडंच पडतं, पण त्या दिवशी असं पडलं होतं की मला दोर दिसत होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली शेवंता दिसत नव्हती. दोर नुसता पांढऱ्यात जाऊन संपत होता, आणि तिकडून ताण येत होता. ताण आला की समजायचं, शेवंता आहे.

शेवंता माझी बायको. दोर एकट्याला वळता येत नाही. एकानं धागे ताणून धरायचे, दुसऱ्यानं फिरकी फिरवून पीळ घालायचा. धरणाऱ्यानं हात ढिला सोडला की दोर स्वतःभोवतीच गुंडाळतो आणि वाया जातो. लग्न झाल्यापासून ती धरत आली आणि मी फिरवत आलो.

आणि पहिला पीळ घालायच्या आधी ती प्रार्थना करायची. मोठ्यानं, अंगणाच्या त्या टोकाहून, मला ऐकू जाईल अशी.

"बापा, आधी तू, मग बाजार. ह्या दोराला जे जनावर बांधलं जाईल त्याला सुखी ठेव. धन्याचा हात मऊ कर. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," मी म्हणायचो, आणि फिरकी फिरवायचो. तेवढाच माझा वाटा.

त्या दिवशी धुक्यातून तिचा आवाज आला तो फाटलेला आला. घसा बरेच दिवस बसला होता. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. "आमेन" म्हणून मी अर्धा दोर वळला असेल, तेवढ्यात जीपवाल्यानं हाका मारल्या. बीडच्या दवाखान्यात घसा दाखवायला जायचं होतं. शेवंतानं तिच्या हातातलं टोक कडुलिंबाला गाठ मारून बांधलं, मी माझी फिरकी भिंतीच्या खुंटीला अडकवली.

"आल्यावर पुरं करू," ती म्हणाली.

त्या गायीचं काय झालं मला माहीत नाही. तिला दुसरं कुणाचं तरी दावं मिळालं असेल.

मी कोण आणि हे कशाला लिहितो

मी चौथी शिकलो. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका घरात आता तसलंच दुखणं आलंय, आणि त्या घरचा पोरगा मला येऊन म्हणाला, काका, तुम्ही दवाखान्यात कसं काढलं ते सांगा. तोंडानं सांगताना मला रडू येतं. म्हणून लिहितो.

आम्ही दोर, दावी, कासरे वळणारी माणसं. रोज कुठला ना कुठला बाजार असतो. पोळ्याच्या आधी तर जेवायला सवड नसते. आमचे पाळक एकदा उपदेशात म्हणाले, रोज सकाळचा एक तास देवाला द्या. उपासना सुटल्यावर दारातच शेवंतानं त्यांना गाठलं.

"पाळकसाहेब, तास कुठून आणू? पाणी यायची येळ तीच, बाजाराच्या गाडीची येळ तीच. तास न्हाई. पर पहिला पीळ त्याचाच हाय."

पाळक हसले. म्हणाले, "शेवंताबाई, पुढच्या रविवारी उपदेश तुम्हीच करा."

"करते की. लवकर सुटंल," ती म्हणाली.

त्या दिवशी

दवाखान्यात तिच्या घशात नळीचा कॅमेरा घातला, तुकडा काढून तपासायला पाठवला. तपासणी आली त्या दिवशी डॉक्टरनं मला एकट्याला आत बोलावलं. पोरसवदा डॉक्टर. माझ्याकडं न बघता पंख्याकडं बघत होता.

"बसा काका."

"बसलो. सांगा."

"गाठ आहे. कॅन्सरची. उशीर झालाय थोडा."

"मरंल का?"

त्यानं पंख्यावरची नजर काढली. "श्वासाला जागा कमी राहिलीय. आधी गळ्यातून नळी बसवू, म्हणजे श्वास मोकळा होईल, पण आवाज जाईल. ताकद आली तर मग रेडिएशनचे शेक देता येतील."

"आणि ताकद न्हाई आली तर?"

तो पुन्हा पंख्याकडं बघायला लागला. चांगला पोरगा होता. खोटं बोलला नाही.

बाहेर शेवंता बाकड्यावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. माझी लेक सुमन, उमापूरला दिलेली, तिच्या शेजारी. सुमननं मला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नका. मी बोललो.

"कॅन्सर हाय. गळ्यात. आवाज जाईल म्हणतो."

"आबा!" सुमन ओरडली. "असं सांगतात का?"

शेवंतानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलं. न्हाईतर मी ह्यांच्या तोंडाकडं बघून बघूनच दमले असते. च्या घेऊ चला."

ज्यांच्या घरी हे येईल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दुखणं ज्याचं आहे त्याला सांगा. लपवून ठेवलं की घरातली सगळी माणसं एकमेकांपासून लपतात, आणि आजारी माणूस एकटा पडतो.

चहा पिताना तिनं मला विचारलं, "आवाज गेल्यावर सकाळी कोण बोलंल?"

"काय बोलंल?"

"प्रार्थना, दुसरं काय?"

मी बशीत फुंकर मारत राहिलो. म्हणलं, "बघू."

"बघू न्हाई. तुमी बोला. मी असेपर्यंत बोला. मला ऐकायचंय."

खरं सांगतो, कॅन्सर ऐकूनही मी च्या प्यायला आलो होतो. हे ऐकून बशी तशीच खाली ठेवली. मी गुरांच्या बाजारात पन्नास माणसांत ओरडून माल विकतो. पण देवापुढं माझ्या तोंडातून आमेनशिवाय शब्द निघत नाही. लहानपणापासून नाही. उपासनेतसुद्धा माझ्यावर पाळी आली की मी खोकत बाहेर जायचो.

वॉर्ड

दवाखान्यातले दिवस मला आता एकाच लांब दुपारसारखे आठवतात. पंख्याचा आवाज, फिनेलचा वास, खिडकीतून येणारा उजेडाचा एक चौकोन. तो चौकोन सकाळी शेवंताच्या पायाशी असायचा आणि हळूहळू चढत तिच्या तोंडापर्यंत जायचा. मी खाली चटईवर पडून तो बघायचो. कधी डोळा लागायचा आणि मला वाटायचं, मी अंगणात आहे, धुकं आहे, दोर पांढऱ्यात गेलाय. जागा झालो की पांढरं म्हणजे पलंगाची चादर असायची.

तिच्या गळ्यात नळी बसली. श्वास मोकळा झाला, आवाज गेला. नाकातून दुसरी नळी, त्यातून पातळ पेज. हाक मारता येत नाही म्हणून मी एक सुतळी घेतली. एक टोक तिच्या मनगटाला, एक माझ्या. काही लागलं की तिनं ओढायचं. सिस्टरनं बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मामा, बायकोला बांधून ठेवलंय की काय?"

"तिनं मला बांधलंय," मी म्हणलं. सिस्टर हसली आणि सुतळी राहू दिली. ज्यांच्या माणसाचा आवाज गेलाय त्यांनी हे करावं. पैसा लागत नाही आणि झोप लागते.

शेजारच्या पलंगावर वडवणीच्या एका किराणा दुकानदाराची म्हातारी आई होती. तो तिच्याजवळ राहायचा. जाडा, टकला, गळ्यात इष्टलिंग. सगळे त्याला अप्पा म्हणायचे. सकाळी झाडू मारणारा आला, चहावाला आला, डॉक्टर आले, काहीही होवो, अप्पा अंग धुऊन पलंगाच्या कडेला बसायचा, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचा, भस्म लावायचा, डोळे मिटायचा. तोवर चहाला शिवायचा नाही. चहा गार व्हायचा. मग तो गारच प्यायचा आणि चहावाल्याला शिव्या द्यायचा.

नळी बसल्यानंतर एका सकाळी सुतळी ओढली गेली. मी उठलो.

"पाणी?"

मान हलवली, नाही.

"भांडं देऊ?"

नाही.

मग तिनं हवेत बोटं फिरवली. फिरकी फिरवतात तशी. मला समजलं. मी इकडंतिकडं बघितलं. अप्पा बघत होता. मी डोळे मिटले, हात जोडले, घसा खाकरला आणि म्हणलं, "आमेन."

डोळे उघडले तर शेवंता माझ्याकडं बघत होती. तिनं उशाचा रुमाल उचलून माझ्या तोंडावर मारला.

अप्पा पोट धरून हसला. "दोरवाले, कसला धंदा ओ तुमचा? गिऱ्हाईकानं काही मागितलं न्हाई अन् तुमी माल बांधून दिला!"

शेवंताचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, पण ती हसत होती. आवाज गेल्यावरचं तिचं पहिलं हसू ते.

दुसऱ्या दिवशी सुमन आली. मी तिच्या कानात म्हणलं, तू कर प्रार्थना, तिला ऐकायचीय. सुमन शिकलेली, चांगली बोलते. तिनं सुंदर प्रार्थना केली. मी आमेन म्हणलं, मोठ्यानं. सुतळी हलली नाही. शेवंता माझ्याकडंच बघत होती. मग एकदा पाळक आले, त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिनं त्यांचे हात धरले, पण ते गेल्यावर पुन्हा माझ्याकडं बघून बोटं फिरवली.

मी म्हणलं, "उद्या."

ती दिवसेंदिवस हलकी होत चालली होती. शेकाचं कुणी बोलेना झालं. डॉक्टर आता तिच्याजवळ थांबायचे आणि मग माझ्या खांद्यावर थोपटून पुढं जायचे. ते थोपटणं काय सांगतं ते मला कळत होतं. उद्या संपत आले होते.

वॉर्डातला दोर

रिकाम्या हातानं बसवेना म्हणून मी सुमनला गोणीचे धागे आणायला सांगितले. बारकी दावी वळू, करडाला होतील. वळायला दुसरं टोक हवं. मी पलंगाच्या गजाला बांधायला गेलो, तर शेवंतानं हात पुढं केला. द्या.

"न्हाई झेपायचं तुला."

तिनं हात तसाच ठेवला.

मी धागे तिच्या बोटांत दिले आणि पलंगाच्या पायथ्याशी गेलो. तेवढ्यात सुमन डबा घेऊन आत आली आणि तिथंच उभी राहिली.

"आबा! काय लावलंय हे? अवो, ती मरायला टेकली तरी तिला कामाला लावता? आयुष्यभर दोर वळून घेतले तेवढे बस न्हाई झाले?"

सगळा वॉर्ड बघायला लागला. मला बोलायचं होतं की मी नाही, तिनंच मागितलं, पण राग आला की मला नीट सांगता येत नाही.

"तुला काय कळतं गं," एवढंच म्हणलं.

"मला कळतं. तुमाला न्हाई कळत!" तिनं डबा आपटला आणि आईच्या हातातले धागे काढायला वाकली.

शेवंतानं मूठ आवळली. सुमननं बोटं सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेनात. त्या हाडकुळ्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. शेवटी सुमन आईच्या तोंडाकडं बघत राहिली आणि खाली बसली. रडली. अप्पानं तिला पाण्याचा तांब्या दिला.

"बस पोरी," तो म्हणाला. "त्यांचं चालू दे."

उजेडाचा चौकोन तेव्हा शेवंताच्या पोटावर आला होता. धागे त्यातून माझ्याकडं येत होते. तिनं ताण दिला. थोडाच, पण दिला. मी फिरकी धरली.

आणि माझा हात फिरेना.

मी काही ठरवलं नव्हतं. हातच थांबला होता. हाताला सवय होती की तिकडून आधी ती बोलते, मी आमेन म्हणतो आणि मग पीळ पडतो. माझा हात तिच्या बोलण्याची वाट बघत होता. तिकडून काही येणार नव्हतं. मी धरून उभा राहिलो, ती धरून पडून राहिली. फिरवावं म्हणलं तरी बोटं ऐकेनात. एवढ्या वर्षांत तिच्या प्रार्थनेशिवाय त्यांनी एकसुद्धा दोर सुरू केला नव्हता.

मग माझ्या तोंडातून निघालं.

"बापा. मला बोलता येत न्हाई, तुला माहीत हाय. आधी तू. मग..." मग काय, ते मला सुचेना. बाजार नव्हता. "मग हा दवाखाना. ह्या दोराला जे जनावर..."

मी अडलो. जनावर कुठं होतं? दोराच्या एका टोकाला मी होतो आणि एका टोकाला ती.

"ह्या दोराला जे बांधलंय त्याला सांभाळ. धन्याचा हात मऊ कर. तूच धनी हाईस. येशूच्या नावानं."

पुढचं मी विसरलो. आमेन म्हणायचं विसरलो. सवयच नव्हती, माझं बोलून झाल्यावर आमेन यायची.

धागे ओढले गेले. एकदाच, हलके.

मी फिरकी फिरवली.

त्यानंतर

त्यानंतर रोज सकाळी मी बोललो. मनात तयारी करून गेलो की अडखळायचो, न करता गेलो की बोलायचो. कधी नुसतं म्हणलं, बापा, आधी तू, आज हिला खोकला कमी येऊ दे. कधी अप्पाच्या आईचं नाव घेतलं. अप्पानं ते ऐकलं आणि त्या दिवशी मला त्याचा गार चहा दिला. मी दवाखान्यात देवाला तास दिला नाही. तिथं तासच तास होते, पण भीतीनं मन एका जागी राहत नव्हतं. पहिला पीळ दिला. शेवंता सुतळी ओढायची. तिचं आमेन ते.

अप्पाची आई बरी होऊन घरी गेली. जाताना अप्पानं शेवंताच्या पायाला हात लावला आणि मला म्हणाला, "दोरवाले, वडवणीला आलात अन् दुकानात न आलात तर बघा."

आम्हाला डॉक्टरनं शेवंताला घरी न्यायला सांगितलं. घरी अंगणात बाज टाकली. कडुलिंबाला तिनं मारलेली गाठ तशीच होती, अर्धा दोर वाऱ्यानं हलत होता. तिनं तो बघितला. मी म्हणलं, "बरी झालीस की पुरं करू." ती माझ्याकडं बघून अशी हसली की मी पुन्हा तसलं काही बोललो नाही.

शेवटच्या सकाळी मी प्रार्थना केली आणि मनगटाकडं लक्ष ठेवून बसलो. सुतळीवर माशी बसून उडावी एवढंच काहीतरी झालं. मी ते आमेन धरलं. दुपारी ती गेली. सुमनच्या मांडीवर डोकं होतं आणि सुतळी माझ्या हाताला होती.

आमच्या मंडळीत कुणी गेलं की पेटी कबरीत खाली सोडायला दोर आमच्या घरून जातात. ते दोर मी आणि शेवंतानंच वळलेले, किती माणसं त्यांनी खाली सोडली असतील. त्या दिवशी एक टोक मी धरलं. पाळक म्हणाले, काका, तुम्ही राहू द्या. मी म्हणलं, मी कधी टोक सोडलंय का? पेटी उतरली, टेकली, आणि ताण एकदम गेला. हातात नुसता दोर राहिला.

दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. माणसं जागा मिळेल तिथं निजलेली. चुलीजवळ सुमन उठली होती. मी तिला म्हणलं, च्या नंतर. अंगणात आलो. धुकं नव्हतं, सगळं लख्ख दिसत होतं, कडुलिंबापर्यंत. मी भिंतीच्या खुंटीची फिरकी काढली आणि अर्ध्या दोराचं माझं टोक धरून उभा राहिलो.

"बापा, आधी तू," मी म्हणलं. मोठ्यानं, त्या टोकाला ऐकू जाईल असं. "ह्या दोराला जे जनावर बांधलं जाईल त्याला सुखी ठेव. ती तुझ्याकडं आलीय. तिचा हात कामाचा हाय, रिकामा ठेवू नको."

मग मी दोर ओढून ताण बघितला. तिकडं तिनं मारलेली गाठ होती. सरकली नाही.

मी फिरकी फिरवली.